कट, कटिंग आणि काटछाट

इंग्रजीत काही कमी करायचं असेल तर आधी विचारावं लागतं, कमी करायचंय ते नेमकं काय? झाड असेल तर प्रून, मिशी असेल तर ट्रिम, फोटो असेल तर क्रॉप, पुस्तक असेल तर अब्रिज, भाषण असेल तर कर्टेल, पगार असेल तर डॉक आणि माणसं असतील तर डाउनसाइझ. आपल्याकडेही पालेभाजी खुडतात, फांदी छाटतात, दूध आटवतात, हात आखडता घेतात. पण इंग्रजीनं या धंद्याचं चक्क दुकानच थाटलंय. आणि त्या दुकानातल्या बऱ्याच शब्दांच्या पोटात पूर्वी कधीतरी जे कापलं गेलं ते अजून दडून बसलंय. कुठे घोड्याची शेपूट, कुठे चांदीच्या नाण्याची कड, तर कुठे चक्क रोमन सैनिकाचा जीव.

शेपूट तोडली आणि शब्दाला जोडली

'कर्टेल' म्हणजे आवरतं घेणं. मूळ लॅटिन शब्द 'कर्टस', म्हणजे आखूड. त्यावरून फ्रेंचमार्गे 'कर्टल' आला. कर्टल म्हणजे शेपूट छाटलेला घोडा. आता घोड्याच्या शेपटीचा विषय निघालाच आहे म्हटल्यावर इंग्रजांना शब्दाच्या शेवटी 'टेल' ऐकू यायला लागली आणि स्पेलिंगही तसंच झालं. म्हणजे मूळ शब्दात शेपूट नव्हतीच. घोड्याची तोडली ती शब्दाला चिकटवली.

'डॉक'चं तसं नाही, तिथे शेपूट खरीच आहे. शेपटीचा हाडामांसाचा जो भाग असतो तो डॉक. गाडीला जुंपलेल्या घोड्याची शेपूट लगामात अडकू नये म्हणून ती छाटायची पद्धत होती. ब्रिटनमध्ये १९४९ साली कायदा होऊन ती बंद झाली. घोडे सुटले, नोकरदार अडकले. कारण पगार कापण्यालाही इंग्रजी डॉकच म्हणते. तीन लेटमार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार गेला, असा नियम असलेल्या ऑफिसात काम करणाऱ्याला आपली नक्की काय छाटली जातेय हे आता कळलं असेल. (माझगाव डॉकवाल्यांनी मनावर घेऊ नये. जहाजांची डॉक वेगळी, तिचा शेपटीशी संबंध नाही.)

छाटून आखूड झालेल्या शेपटीला 'बॉब'ही म्हणत. १९२०च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या तरुणींनी केस मानेपर्यंत कापले तेव्हा त्या फॅशनला हेच नाव मिळालं आणि पुढे आपल्याकडे 'बॉबकट' आला. नातीचा बॉबकट बघून एखादी आजी 'हे काय गं, शेपूट तोडल्यासारखं!' म्हणाली असेल, तर व्युत्पत्तीच्या दृष्टीनं आजी शंभर टक्के बरोबर होती.

कापायचं की लावायचं?

इंग्रजीतले काही शब्द एकाच तोंडानं दोन्ही बाजूंनी बोलतात. 'ट्रिम' घ्या. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता मजबूत करणं, नीट तयार करणं. त्यातूनच एकीकडे 'सजवणं' आलं आणि दुसरीकडे 'कापून नीटनेटकं करणं'. म्हणून ख्रिसमसचं झाड ट्रिम करतात तेव्हा त्यावर दिवे-गोळे चढवतात आणि बागेतलं कुंपण ट्रिम करतात तेव्हा त्यावरचं काहीतरी उतरवतात. सलूनमध्ये 'फक्त ट्रिम करा हं' असं सांगून बसलेलं गिऱ्हाईक वीस मिनिटांनी आरशात बघून हादरतं, त्याला शब्दाची ही दुटप्पी वृत्तीही थोडी जबाबदार आहे. बाकीची जबाबदारी कारागिराची.

'क्लिप'चंही तेच. कागद जोडते ती क्लिप आणि वर्तमानपत्रातून कापलेलं कात्रण तेही क्लिपिंग. इथे मात्र मुळात दोन वेगळे शब्द आहेत. एक आला 'कवटाळणं' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून, दुसरा उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून. दोघे रस्त्यात भेटले आणि एकाच नावानं राहायला लागले.

कापणाऱ्या क्लिपनं इंग्लंडचा खजिना एकदा चांगलाच जेरीस आणला होता. सतराव्या शतकात तिथे हातानं ठोकलेली चांदीची जुनी नाणी चलनात होती. कडा वेड्यावाकड्या. लोक गुपचूप त्या कडा कातरायचे, चांदीचा कीस साठवायचे आणि उरलेलं नाणं पूर्ण किमतीला पुढे ढकलायचे. या 'क्लिपिंग'ला राजद्रोह मानून मृत्युदंड होता, तरी लोक थांबेनात. शेवटी सगळं चलन वितळवून नव्यानं पाडायचं ठरलं. १६९६ साली याच सुमाराला टांकसाळीत एक नवे वॉर्डन रुजू झाले. नाव आयझॅक न्यूटन. गुरुत्वाकर्षणाचा शोध लावून झालेला हा माणूस आता नाणी कातरणाऱ्या आणि खोटी नाणी पाडणाऱ्या चोरट्यांच्या मागे लागला, आणि तेही हौसेनं. यंत्रावर पाडलेल्या नव्या नाण्यांच्या कडेला खाचा किंवा अक्षरं होती, म्हणजे कड कातरली की लगेच कळावं. आज आपल्या खिशातल्या काही नाण्यांच्या कडेला बारीक रेघा असतात, त्या त्याच बंदोबस्ताच्या वारसदार. आता त्यात चांदीचा कणही नसतो, पण पहारा चालू आहे.

'प्रून' मात्र सरळमार्गी आहे. वेल छाटायची, म्हणजे फळ चांगलं धरतं. सुकवलेल्या आलुबुखारालाही इंग्रजीत प्रून म्हणतात, पण ते नुसतं नामसाधर्म्य. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे इंग्रजी शिकवायला नकोच; त्याचं वर्षच दोन छाटण्यांवर चालतं, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. 'छाटणी झाली' हे वाक्य निफाडमध्ये आनंदानं म्हटलं जातं आणि हिंजवडीत घाबरून. त्याकडे येऊच.

रिड्यूस म्हणजे परत आणणं

कमी करण्याचा सगळ्यात सरधोपट इंग्रजी शब्द 'रिड्यूस'. पण लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कमी करणं असा नव्हताच. 'रे' म्हणजे मागे, 'ड्यूसेरे' म्हणजे नेणं. मागे नेणं, मूळ जागी परत आणणं.

हा जुना अर्थ अजून एका ठिकाणी ठणठणीत आहे, अस्थिरोगतज्ज्ञांकडे. हाड मोडून सरकलं किंवा खांदा निखळला की ते जागेवर बसवण्याला डॉक्टर 'रिडक्शन' म्हणतात. त्यामुळे ऑपरेशनच्या कागदावर 'ओपन रिडक्शन' वाचून हाड कापून आखूड करणार की काय, या काळजीनं नातेवाइकांनी चहा सोडण्याचं कारण नाही. हाड कापत नाहीत. गेलेलं परत आणतात.

रसायनशास्त्रातही तेच कोडं. शाळेत 'क्षपण' शिकवताना सांगतात की यात अणूला इलेक्ट्रॉन मिळतात. मिळतात, आणि तरी नाव रिडक्शन? हुशार मुलं इथे हात वर करतात, बाकीची पाठ करून मोकळी होतात. कारण जुनं आहे. खाणीतल्या खनिजातून ऑक्सिजन काढून टाकला की ते परत शुद्ध धातूकडे येतं, म्हणून ते 'परत नेणं'. त्यात वजनही घटायचं. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये, तोवर नाव पक्कं होऊन बसलं होतं.

स्वयंपाकघरात रिड्यूस म्हणजे आटवणं. टीव्हीवरचे शेफ 'सॉस रिड्यूस होऊ द्या' म्हणतात तेव्हा ते जे करत असतात ते बासुंदी करणाऱ्या प्रत्येकीनं मनगट दुखेपर्यंत केलेलं असतं. दूध आटवून डब्यात भरण्याचा धंदा मात्र अमेरिकेतल्या गेल बोर्डन यांनी उभा केला. त्यांना १८५६ मध्ये पेटंट मिळालं आणि अमेरिकी यादवी युद्धात सैन्यानं डबेच्या डबे विकत घेतले. 'कन्डेन्स्ड मिल्क' म्हणजे दाट केलेलं दूध. खव्याकडे पेटंट नाही, पण ज्येष्ठता आहे.

मिनिस्टर लहान, मिनी लाल

लॅटिन 'मायनस' म्हणजे कमी. त्याच घराण्यातून 'मिनिट' आलं. तासाचा पहिला बारीक भाग म्हणजे 'मिनिट' आणि दुसऱ्यांदा बारीक केलेला भाग म्हणजे 'सेकंड', अक्षरशः दुसरा. हॉटेलातला 'मेनू' याच कुळातला, बारीकसारीक तपशिलांची यादी. आणि 'मिनिस्टर'सुद्धा! मूळ अर्थ लहान माणूस, सेवक. त्याच्या विरुद्ध 'मॅजिस्टर', म्हणजे मोठा. त्याचा झाला 'मास्टर'. म्हणजे व्युत्पत्तीच्या हिशेबानं शाळेतले मास्तर थोर आणि मंत्री त्यांच्या सेवेला. मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी उन्हात उभ्या केलेल्या शिक्षकांनी हे वाक्य कापून ठेवायला हरकत नाही.

आता 'मिनी'ही याच घराण्यातली असणार असं कुणालाही वाटेल. नाही. 'मिनी' हे 'मिनिएचर'चं लघुरूप आणि मिनिएचर आलं 'मिनियम'वरून, म्हणजे शेंदरी-लाल रंगाच्या शिशाच्या भुकटीवरून. जुन्या हस्तलिखितांत या रंगानं अक्षरं नि चित्रं रंगवत. पानात मावणारी चित्रं साहजिकच छोटी असायची, शब्द 'मायनर'सारखा ऐकू यायचा, झालं! लाल रंगाचं नाव लहानपणाचं नाव बनलं. १९५९ मध्ये मिनी नावाची मोटार आली, तिच्या प्रेमात असलेल्या मेरी क्वांट या डिझायनरबाईंनी १९६०च्या दशकात आखूड स्कर्टला तेच नाव दिलं, आणि मग आमच्याकडे मिनी थाळी, मिनी डोसा, मिनी मॅरेथॉन. शेंदराचा मागमूस नाही.

'ना' आली का?

वस्तू आखूड करता करता इंग्रजांनी शब्दांनाही कात्री लावली. पहिलं बक्षीस 'बस'ला. फ्रान्समधल्या नांत शहरात १८२०च्या दशकात सार्वजनिक घोडागाडी सुरू झाली, तिला 'ऑम्निबस' म्हणत. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'सर्वांना', 'सर्वांसाठी'. १८२९ मध्ये ती लंडनच्या रस्त्यावर आली आणि लोकांनी पुढचा भाग टाकून देऊन शेवटचा 'बस' ठेवला. तो तर नुसता चतुर्थीचा प्रत्यय! म्हणजे आपण 'लोकांना' या शब्दातला फक्त 'ना' उचलायचा, गाडीला ते नाव द्यायचं आणि स्टॉपवर उभं राहून शेजारच्याला विचारायचं, 'काका, ना आली का?'

'पियानो'चं दुःख वेगळं. इटलीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी हे वाद्य केलं तेव्हा त्याचं वैशिष्ट्यच हे होतं की ते हळूही वाजतं आणि जोरातही. म्हणून नाव 'पियानोफोर्ते', मृदू-जोरकस. लोकांनी 'जोरकस' कापलं. आता वरच्या मजल्यावरचं पोर कितीही दणादण बडवत असलं तरी ते 'हळू'च वाजवत असतं.

'फॅनॅटिक' म्हणजे माथेफिरू, त्याचा झाला 'फॅन'. (इथे फार काही कापलं गेलं नाही असं एखाद्या सिनेमाच्या पहिल्या दिवशी वाटतं.) 'टॅक्सिमीटर कॅब'ची 'टॅक्सी' झाली. म्हणजे आपण गाडीला हाक मारतो ती मीटरच्या नावानं, आणि मीटर टाकायला सांगितलं की काही चालकांना तेच आठवत नाही. 'इन्फ्लुएन्झा'चं डोकंही उडवलं नि शेपूटही, मधला 'फ्लू' ठेवला. 'रेफ्रिजरेटर'चा 'फ्रिज' करताना एक नवंच अक्षर मध्ये घुसवावं लागलं, कारण 'डी' नसता तर इंग्रज त्याला काय म्हणाले असते देव जाणे. 'गुडबाय' तर अख्खं वाक्य होतं, 'देव तुझ्यासोबत असो' अशा अर्थाचं. आता त्यातलं 'बाय' तेवढं उरलंय, तेही बहुधा 'चल बाय' असं.

या सगळ्यावर जोनाथन स्विफ्ट, म्हणजे गलिव्हरवाले, भयंकर चिडले होते. १७१० मध्ये 'टॅटलर'मध्ये त्यांनी शब्दांच्या या कापाकापीवर झोड उठवली. 'मॉब' हा शब्द त्यांना विशेष खुपायचा. 'चंचल जमाव' अशा अर्थाच्या लॅटिन 'मोबिले व्हुल्गुस'चा तो तुकडा. स्विफ्ट गेले, मॉब राहिला आणि पुढे मॉबचा 'मॉब लिंचिंग'पर्यंत प्रवास झाला. भाषेतल्या बिघाडाबद्दल वर्तमानपत्रात पत्रं लिहिणाऱ्या आपल्या ज्येष्ठांनी निराश होऊ नये. ही परंपरा तीनशे वर्षांची आहे आणि तिला यश आल्याचं उदाहरण शोधावंच लागेल.

पुस्तकांवर कात्री चालवण्याचा किस्साही ऐकण्यासारखा. १८०७ मध्ये इंग्लंडात शेक्सपिअरची 'कौटुंबिक' आवृत्ती निघाली, चारचौघांत वाचताना लाज वाटेल ते सगळं गाळून. हे काम केलं होतं हेन्रिएटा बाउडलर यांनी. पण बाईंनी आपलं नाव घातलं नाही. गाळायचं काय हे कळायला आधी ते समजावं लागतं आणि अविवाहित बाईला ते समजतं हे कसं सांगणार? १८१८ची मोठी आवृत्ती भाऊ थॉमस यांच्या नावानं आली आणि सोवळी काटछाट करण्याला इंग्रजीत 'बाउडलराइझ' हे क्रियापद मिळालं, भावाच्या खात्यावर. कापणारीचंच नाव कापलं गेलं.

बॉम्बे गेलं, ट्राम गेली, बेस्ट राहिली

आद्याक्षरांचा खेळ मुंबईइतका रंगलेला दुसरीकडे क्वचितच सापडेल. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज' कंपनीची आद्याक्षरं मिळून झाली 'बेस्ट'. १९४७ मध्ये संस्था महापालिकेकडे आली आणि 'टी' म्हणजे ट्रान्सपोर्ट झालं. पुढे १९६४ मध्ये ट्रामही बंद झाली. १९९०च्या दशकात बॉम्बेचं बृहन्मुंबई झालं, पण नशिबानं तेही 'बी'च! दोन अक्षरांचे मालक बदलले तरी पाटी तीच. व्हीटीला हे जमलं नाही. व्हिक्टोरिया टर्मिनसचं १९९६ मध्ये सीएसटी झालं, २०१७ मध्ये सीएसएमटी. पण जुना मुंबईकर अजून 'व्हीटीला उतर' म्हणतो. अक्षरं वाढली की जीभ संप करते.

'एसटी'ची तर बातच और. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर पहिली गाडी सुटली आणि 'स्टेट ट्रान्सपोर्ट'ची दोन अक्षरं मराठीत स्त्रीलिंगी नाम होऊन बसली. एसटी चुकते, एसटी लागते, एसटीत जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकतात. 'एमआयडीसी' हे १९६२ मध्ये स्थापन झालेलं महामंडळ, पण आता ती जागा आहे: 'पोरगा एमआयडीसीत असतो.'

मराठीची स्वतःची पद्धत जरा रसाळ आहे. इंग्रजी पहिलं अक्षर घेते, आपण काना-मात्रा-वेलांटीसकट घेतो. म्हणून पुरुषोत्तम लक्ष्मण होतात 'पु. ल.' आणि गजानन दिगंबर माडगूळकर होतात 'गदिमा', चक्क उच्चारता येणारं, लाडकं नाव. शेतकरी कामगार पक्ष 'शेकाप', अंधश्रद्धा निर्मूलन समिती 'अंनिस'. फक्त झोपडपट्टी पुनर्वसनाचं 'झोपु' करणाऱ्याला योजनेचा वेग आधीच ठाऊक होता की काय, कोण जाणे.

आता जरा बँकेत जाऊ. 'आयएफएससी कोड काय?' यातल्या 'सी'चाच अर्थ कोड. 'पिन नंबर' यातला 'एन' नंबर. 'पॅन नंबर', तोच प्रकार. 'एटीएम मशीन', तिथे 'एम' मशीनच. 'एफआयआर रिपोर्ट', पुन्हा तेच. शब्द वाचवण्यासाठी आद्याक्षरं केली आणि मग मनाला रुखरुख लागून शेवटचा शब्द परत जोडला. इंग्रजही हेच करतात, त्यामुळे हा दोष आपल्या माथी घेऊ नये. आणि कडी म्हणजे 'डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू': ज्याचं हे लघुरूप, ते 'वर्ल्ड वाइड वेब' म्हणायला याच्यापेक्षा कमी वेळ लागतो.

'ओके' ही अमेरिकेची देणगी. १८३९ मध्ये बॉस्टनच्या वर्तमानपत्रवाल्यांना मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं करायचा चाळा लागला होता. 'ऑल करेक्ट'चं 'ऑल कोरेक्ट' करून त्यांनी 'ओके' छापलं. तारीखही माहीत आहे, २३ मार्च. पुढच्याच वर्षी 'ओल्ड किंडरहूक' हे टोपणनाव असलेले व्हॅन ब्यूरन अध्यक्षपदाची निवडणूक लढले, ओके त्यांच्या प्रचारात शिरलं. ते हरले, ओके जिंकलं. आणि 'ओएमजी' ही आजच्या पोरांची भाषा वाटत असेल तर ऐका: १९१७ मध्ये ब्रिटिश नौदलाचे लॉर्ड फिशर यांनी विन्स्टन चर्चिलना लिहिलेल्या पत्रात ते आहे. तेव्हा फिशर शहात्तर वर्षांचे होते.

थोडक्यात लिहिणं ही अनेकदा शैली नसते, दर असतो. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे, म्हणून 'मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली' ही व्याकरणाशिवायची भाषा जन्मली आणि पोस्टमनला पाहूनच घरात रडारड सुरू व्हायची. शुभेच्छांसाठी ठरलेली वाक्यं होती, त्यांचे नुसते क्रमांक द्यायचे. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तार बंद झाली. तिच्या जागी आधीच आलेल्या एसएमएसची १६० अक्षरांची मर्यादा ठरवताना जर्मन अभियंते फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी कागदावर मनात येतील ती वाक्यं टाइप करून अक्षरं मोजली होती. बहुतेक वाक्यं १६०च्या आत बसली. त्यातली २० नावाला राखून ट्विटरनं १४० ठेवली. आता तेवढी मर्यादा नाही, तरी लोक वाढदिवसाला 'एचबीडी' आणि मयताला 'आरआयपी' टाकून मोकळे होतात. काही जण श्रद्धांजलीही मराठमोळी आखडतात: 'भा.पू.श्र.' गेलेल्या माणसाला तेवढाही वेळ नाही.

दहावा माणूस

माणसं कमी करायची वेळ आली की शब्द मऊ होतात. रोमनांचं तसं नव्हतं. पळपुट्या तुकडीला शिक्षा म्हणून दहा-दहाचे गट करायचे, चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याची निघेल त्याला उरलेल्या नऊ जणांनी मारायचं. याला 'डेसिमेशन'. स्पार्टाकसच्या बंडाच्या वेळी, इ.स.पू. ७१च्या सुमाराला, सेनापती क्रॅससनं ही शिक्षा पुन्हा उकरून काढली होती. आजच्या इंग्रजीत 'डेसिमेट' म्हणजे जवळपास सगळं उद्ध्वस्त. दहा टक्क्यांचे नव्वद टक्के झाले. कमी करण्याचा हा शब्द स्वतः मात्र फुगला.

'डाउनसाइझ' आधी मोटारींसाठी होता. १९७०च्या दशकात पेट्रोल महागलं, अमेरिकी कंपन्यांनी अवाढव्य गाड्यांचा आकार घटवला, तेव्हाचा हा शब्द. पुढे गाड्यांवरून तो गाड्या करणाऱ्यांवर आला. मग कुणालातरी 'डाउन' खुपलं, म्हणून 'राइटसाइझ'. ज्याची नोकरी गेली त्याला आकार योग्य झाल्याचं समाधान.

'ले-ऑफ'ची गंमत कायद्यात आहे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफ म्हणजे तात्पुरतं काम न देणं होतं. कच्चा माल नाही, वीज नाही, यंत्र बिघडलं, म्हणून कामगाराला घरी बसवायचं, पण तो पटावर राहायचा आणि मूळ वेतन-महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळायची. कायमचं काढणं म्हणजे 'रिट्रेंचमेंट'. गिरणी कामगाराला हा फरक तोंडपाठ असायचा. आज संगणकाच्या पडद्यावर पाच मिनिटांत नोकरी जाते, तिलाही सगळे ले-ऑफच म्हणतात. तात्पुरतेपणा तेवढा कापला गेला.

बँका मात्र सलूनमध्ये जातात. कर्ज बुडालं आणि शंभरातले तीसच हाती आले, की म्हणतात सत्तर टक्के 'हेअरकट'. २०१६च्या दिवाळखोरी कायद्यापासून हा शब्द मराठी अर्थपानांवरही रुळला. सत्तर टक्के केस कापण्याला आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये वेगळं नाव आहे.

'टेपर'चं मूळ त्याहून सुंदर. टेपर म्हणजे बारीक मेणबत्ती. टोकाकडे निमुळती होते म्हणून 'हळूहळू कमी करणं'. डॉक्टर स्टेरॉइड एकदम बंद करत नाहीत, टेपर करतात. मे २०१३ मध्ये अमेरिकी फेडरल रिझर्व्हचे बेन बर्नान्के यांनी रोखेखरेदी अशीच कमी करण्याचं नुसतं सूतोवाच केलं आणि ऑगस्टअखेर डॉलर एकोणसत्तर रुपयांच्या जवळ पोहोचला. मेणबत्ती वॉशिंग्टनमध्ये, चटका मुंबईत.

सरकारी मराठी या खेळात कच्ची नाही बरं का. इंग्रजी 'लोडशेडिंग'मध्ये निदान भार 'टाकून दिल्या'ची कबुली आहे. आमचं 'भारनियमन' ऐकलं की वाटतं, कुणीतरी शिस्तीत बसून काहीतरी नियमित करतंय. अंधारात.

टोन्ड, कटिंग, वन बाय टू

कमी करण्याचा एक इंग्रजी शब्द मात्र घडला तो मुंबईच्या दुधात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर, दूध मात्र शहराला अपुरं. १९४६ मध्ये दारा खुरोडी यांनी मुंबईत म्हशीच्या दुधात साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून ते वाढवलं, स्निग्धांश खाली आणला, स्वस्तात विकलं. त्याचं नाव 'टोन्ड मिल्क'. पुढे १९६३ मध्ये खुरोडींना व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज टोन्ड म्हणजे ३ टक्के स्निग्धांश, डबल टोन्ड म्हणजे दीड. नाव किती हुशार बघा. 'पाणी घातलेलं दूध' म्हटलं तर गवळ्याशी भांडण. 'टोन्ड' म्हटलं की जिममधून आल्यासारखं वाटतं.

त्या दुधाचा चहा होतो आणि मुंबई त्यालाही कापते. 'कटिंग' म्हणजे अर्धा ग्लास. द्रवपदार्थ कापता येतो हे इंग्रजांना कधी सुचलं नसतं. बाकी 'हाफ'ची सद्दीही आपलीच: हाफ तिकीट, हाफ चड्डी, हाफ शर्ट, हाफ डे. आणि 'कट'? तो तर मराठीत आधीपासून घर करून होता. कट रचतात, कटाची आमटी करतात, मिसळीवर कट मागतात. त्यात इंग्रजी कटची भर पडली: बाइकवाला कट मारतो, मधला माणूस कट खातो, अ‍ॅडमिशनचा कट-ऑफ लागतो. कुणाचा कट कुठला, हे वाक्य संपल्यावर कळतं.

हॉटेलात मात्र सगळ्यात सोयीचा हिशेब 'वन बाय टू'. एक चहा, दोन कप. कधी 'टू बाय थ्री', दोनाचे तीन. शाळेत अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप द्यायला शिकवतात. 'टू बाय थ्री' आधीच अतिसंक्षिप्त आहे, त्यातून आणखी काही निघत नाही. 'टू बाय फोर'ला मात्र वहीत 'वन बाय टू' करता येतं आणि बाई पूर्ण मार्क देतात. वेटरसमोर हे गणित करू नका. वहीत दोन्ही एकच. टेबलावर पहिल्यात चौघं बसलेले असतात, दुसऱ्यात दोघं, आणि बिल बरोबर दुप्पट येतं.